वेसाव्याच्या बाजारात कुणाची मांजर कुणाची

मुंबईहून परत आल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, काय काय बघितलंत? मी म्हणाले, मांजरं. सगळे हसले. मग कुणीतरी विचारलं, समुद्र तरी बघितला की नाही? बघितला की, मांजरांच्या मागे होता. त्यावर पुन्हा हसले आणि आपापल्या डब्याकडे वळले. मला त्यांना पुढचं सांगायचं होतं, पण घंटा झाली. आमच्या कॉलेजात घंटा नेमकी अशा वेळीच होते. म्हणून लिहून काढते आहे.

खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. साठावं सरत आलंय, गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेत. पस्तीस वर्षं कराडात प्राणिशास्त्र शिकवून झालंय. बेडूक कापून झाले, बेडूक कापायला बंदीही येऊन झाली. आता उरली होती एकच विद्यार्थिनी, प्रणाली. राहते मुंबईत, गोवंडीला. एमएस्सी मात्र कराडला मावशीकडे राहून माझ्याकडे केलं, आणि पीएचडीलाही माझंच नाव लावलं. तिचा विषय प्राण्यांमधली भांडणं, त्यातही मासळीबाजारातली मांजरं. प्रबंध तयार होता, फक्त माझी सही बाकी होती. माझ्या निवृत्तीआधी तो विद्यापीठात गेला नाही तर तिला दुसरा मार्गदर्शक शोधावा लागणार, म्हणजे सगळं पुन्हा लांबणार. ‘मॅडम, सहीच्या आधी एकदा तरी बाजार बघून जा ना,’ असं ती तीन वर्षं म्हणत होती. या वेळी माझ्याकडे सबबच उरली नाही.

गोवंडी, सातवा मजला

प्रणालीचं घर सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ‘कालच बंद पडली मॅडम,’ असं ती म्हणाली. चौथ्या मजल्यावर मी दम खायला थांबले, तेव्हा तिथल्या एका बाईंनी सांगितलं की गणपतीपासून बंद आहे. प्रणालीला टोमणा मारायला माझ्याकडे श्वासच नव्हता.

तिच्या आई, सुमनताई, महापालिकेच्या दवाखान्यात आया आहेत. मूळच्या बीडकडच्या. वडील मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन, त्यांची पाळी अशी की माझ्या मुक्कामात गाठ एकदाच पडली. घरात दोन खोल्या आणि एक पलंग. तो मला दिला. मी नको नको म्हणाले, पण सुमनताईंनी चादर घालूनही टाकली होती. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग ‘जेवायला थांबताय ना’ असा हळूच अंदाज घेतात. इथे मी चप्पल काढायच्या आत ताट वाढलेलं होतं. ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी आणि वर कच्चा कांदा. पित्ताच्या गोळ्या बॅगेत आहेत हे आठवून मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी सुमनताईंची बुद्धवंदना झाली की आम्ही तिघी गॅलरीत चहा घ्यायचो. समोर लांबवर देवनारच्या कचऱ्याचा डोंगर आणि त्याच्यावर घारीच घारी. एक घार काहीतरी उचलून वर यायची की दुसरी तिच्या मागे लागायची. कधी पहिली वळून पंजे दाखवायची, कधी घास टाकून सरळ निघून जायची.

‘ह्या अशा का करतात हो मॅडम?’ सुमनताईंनी विचारलं. ‘पोरगी सांगते, पण मला तिचं समजत नाही. फार भरभर बोलते.’

मी सांगितलं. एका घासावर दोन जनावरं आली, तर प्रत्येकापुढे प्रश्न असतो की भांडायचं की सोडून द्यायचं. घासापेक्षा जखम महागात पडत असेल तर सगळेच भांडकुदळ असून भागत नाही, मारामाऱ्या करून सगळेच खचतात. सगळेच पड खाणारे असले तरी भागत नाही, कारण त्यांच्यात एक दांडगट शिरला की त्याचंच फावतं आणि त्याचीच पिल्लं वाढतात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही तऱ्हा कुठल्यातरी प्रमाणात टिकून राहतात. ते प्रमाण कुणी ठरवत नाही. आम्ही पुस्तकात पहिल्याला ससाणा म्हणतो, दुसऱ्याला पारवा, आणि या सगळ्याला खेळाचं गणित. आणि एक तिसरी तऱ्हाही असते, मालकाची. जागेवर मी आधी आलो तर मी लढेन, तू आधी आलास तर मी गपगुमान निघेन. हे एकदा सगळ्यांत रुजलं की मोडणाऱ्याचंच नुकसान होतं. भांडणं जवळजवळ होतच नाहीत.

‘म्हणजे नळावरच्या रांगेसारखं,’ सुमनताई म्हणाल्या.

‘तसंच. आणि तुमच्या मुलीनं दाखवलंय की वेसाव्याच्या बाजारातली मांजरं ही तिसरी तऱ्हा पाळतात.’

त्यांनी कप खाली ठेवला आणि प्रणालीकडे असं बघितलं की मीच दुसरीकडे बघायला लागले.

वेसावे, गच्चीवरून

अंधेरीच्या लोकांना वर्सोवा म्हटलेलं आवडतं, आतल्या कोळीवाड्यात वेसावेच म्हणतात. गोवंडीहून तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळात मी कराडहून साताऱ्याला जाऊन परत आले असते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बाजाराच्या एका अंगाला जुन्या बर्फाच्या कारखान्याची इमारत आहे. तिच्या गच्चीवर, लोखंडी जिन्याने चढून, प्रणाली तीन वर्षं रोज सकाळी बसत आली होती. ही माझीच शिस्त. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खाली उतरायचं नाही, विक्रेत्यांशी बोलायचं नाही. निरीक्षक मध्ये आला की जनावर बिथरतं. मीही असंच शिकले होते.

जिना चढताना मी स्वतःला, प्रणालीला आणि प्राणिशास्त्राला मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण वर जाऊन दुर्बीण लावली आणि खरंच सांगते, शीण विसरले. खाली दोन रांगांत, विक्रेत्यांच्या डोक्यावर ताणलेल्या निळ्या ताडपत्र्या, मध्ये ओली गल्ली. प्रत्येक ताडपत्रीच्या कडेला एक मांजर बसलेलं. मध्येच दुसरं एखादं यायचं, चार पावलांवर थांबायचं, अंग आक्रसायचं आणि मान वळवून चालतं व्हायचं. गुरगुर नाही, पंजा नाही. थोड्या वेळाने ताडपत्रीखालून माशाचं डोकं बाहेर यायचं आणि आधी बसलेलंच मांजर ते उचलायचं. सगळं इतकं शांतपणे चाललं होतं की माझ्या पोटात आनंद मावेना. पस्तीस वर्षं फळ्यावर जे काढत आले ते खाली गल्लीत चाललं होतं.

‘बघितलंत मॅडम?’ प्रणाली म्हणाली. ‘रोज हेच. कंटाळा येतो इतकं सेम.’

‘कंटाळा कसला गं,’ मी म्हणाले. ‘झकास काम केलंयस.’

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला असेन. ती लाजली.

ताडपत्रीखाली

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. प्रणाली वर गेली आणि मी खाली बाजाराच्या तोंडाशी उभी राहिले. नियम मोडायचा माझा काही विचार नव्हता. मला फक्त बसायला जागा हवी होती.

‘बस गो बाय, पाय दुखतान ना?’ एक म्हातारी कोळीण म्हणाली आणि तिने प्लॅस्टिकचा क्रेट उलटा करून दिला. ती हिरामावशी. हातात काकणं, पुढ्यात बोंबील, मांदेली, बांगड्यांचे ढीग आणि बाजूला बर्फाच्या खाऱ्या पाण्याचा टब. तिच्या कडेला पिवळी मांजर डोळे मिटून बसली होती. मी हिरामावशीच्या ताडपत्रीखाली बसले. साडीचा काठ त्या पाण्यात भिजला आणि आता त्याचा वास जन्मात जाणार नाही हे मी मान्य करून टाकलं.

हिरामावशीने माझी सगळी चौकशी केली. कुठली, किती पोरं, नवरा काय करतो. नवरा गेला म्हटल्यावर म्हणाली, ‘माझा बी गेला,’ आणि लगेच गिऱ्हाइकाला मांदेली मोजून दिली. आमच्याकडे अशा वेळी निदान दोन मिनिटं गप्प बसतात. तिला दोन मिनिटं कुठून असणार.

तेवढ्यात एक काळं, हडकुळं मांजर आलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं. मला कळवळा आला. विळीखाली पडलेलं बांगड्याचं एक डोकं मी उचललं आणि त्याच्याकडे टाकलं. त्याने ते पकडलं.

समोरच्या ताडपत्रीखालून आवाज आला. ‘अगो हिरे, माझं मांजर फोडतंस? सकालीसकाली?’

‘मी नाय गो जने,’ हिरामावशी ओरडली. ‘पावणी हाय. तिला काय ठावं.’

‘पावणीला सांगून ठेव मग.’

आजूबाजूच्या चार जणी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मी काय केलं हे मला कळेना. हिरामावशीने समजावलं. इथे प्रत्येकीचं मांजर ठरलेलं. बोहनी, म्हणजे सकाळची पहिली विक्री, झाली की पहिलं डोकं आपल्या मांजराला. दुसरीच्या मांजराला खायला घालायचं नाही. ‘मांजर फोडलं म्हंजे गिराईक फोडलं,’ ती म्हणाली. ‘आज तिचं मांजर माझ्याकडं बसलं का उद्या तिचं गिराईक बी माझ्याकडं थांबेल, असं आमी मानतो. माझ्या सासूच्या वेळेपासून हाय.’

मी हळूच विचारलं, ‘आणि ती मांजरं आपसात भांडत नाहीत?’

‘भांडतील कवा? आमी भांडू देऊ तवा ना.’

जनीचं काळं मांजर डोकं संपवून पुन्हा इकडे येत होतं. हिरामावशीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टबात बोटं बुडवली आणि ताडपत्रीच्या आतूनच पाण्याचा फटकारा मारला. मांजर चार पावलांवर थांबलं, अंग आक्रसलं, मान वळवून चालतं झालं.

मी वर बघितलं. गच्चीच्या कठड्याशी प्रणालीची टोपी दिसत होती. तिथून तिला ताडपत्री दिसत होती. ताडपत्रीखालचा हात दिसत नव्हता, तीन वर्षांत एकदाही दिसला नव्हता. माघार मांजराची नव्हती. तडजोड होती, भांडण टाळणंही होतं, पण ते हिरा आणि जनीचं होतं.

‘काय झालं गो? तोंड कशाला उतरलं?’ हिरामावशीने विचारलं.

‘काही नाही. गुडघा,’ मी म्हणाले.

पुन्हा गोवंडी

त्या दिवशी मी प्रणालीला काही सांगितलं नाही. परत जाताना ती प्रबंधाच्या बांधणीबद्दल बोलत होती, मुखपृष्ठ काळं की निळं. मी निळं म्हणाले.

घरी सुमनताईंनी आमटीत अंडी सोडली होती. जेवताना त्यांनी सांगितलं की मालाडच्या एका कॉलेजात जागा निघाली आहे, पीएचडी झालेलीच हवी. प्रबंध दिल्याचं पत्रही चालेल असं तिथले सर म्हणाले आहेत. ‘आमच्या घराण्यात पहिलीच,’ त्या म्हणाल्या. ‘खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांना सांगून बसले मी. रोज विचारत्यात, झाली का डॉक्टर?’

मी खाली बघून जेवत राहिले. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मनात एकच होतं. गप्प बसावं. सही करावी. परीक्षक कधी मासळीबाजारात जात नाहीत, तेही माझ्यासारखेच कोष्टकं बघून शेरा देतात. पोरीला नोकरी लागेल, मला सुटका मिळेल, आणि मांजरांचं काय बिघडणार आहे? मी इतकी दमले होते की हा विचार मला वाईटसुद्धा वाटला नाही. वाईट सकाळी वाटलं, सुमनताईंनी चहाबरोबर माझ्या गुडघ्याला तेल गरम करून आणलं तेव्हा.

रिकामी गल्ली

तिसऱ्या दिवशी दुपारी, बाजार उठून गेल्यावर, मी प्रणालीला खाली बोलावलं. ती बिचकत आली. ‘मॅडम, खाली यायचं नाही ना?’

‘आज यायचं,’ मी म्हणाले.

बायका घरी गेल्या होत्या, ताडपत्र्या गुंडाळलेल्या होत्या. हिरामावशीकडून सकाळीच मागून घेतलेली डोकी पिशवीत होती. मी एकेक करून ती रोजच्या जागांवर ठेवली आणि आम्ही बाजूच्या ओट्यावर बसलो. पाच मिनिटंही गेली नसतील. पिवळी आपल्या जागेवर आधी आली होती, तिच्यावर काळं धावून गेलं. मग बोका आला. मग सगळीच. जागा कुणाची, आधी कोण आलं, कुणाला काडीचं देणंघेणं नव्हतं. केस उडाले, एकाचा कान फाटला. प्रणाली वही उघडून बसली होती, पण पेन चालत नव्हतं.

मी तिला पाण्याच्या फटकाऱ्याचं सांगितलं. मांजर फोडण्याचंही सांगितलं.

तिने मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. दोन वर्षांपूर्वीचा तिचा मेल होता. ‘मॅडम, काही मांजरं ओली दिसतात. माघार घेणारीच ओली असतात. खाली जाऊन एकदा बायकांना विचारू का?’

खाली माझं उत्तर होतं. ‘नको. अंतर राख.’

मला तो मेल आठवतसुद्धा नव्हता. पेपर तपासणीचे दिवस असतील, किंवा पाय दुखत असतील. काहीतरी असेल. तीन शब्द लिहून मी पुढचा मेल उघडला असेन.

‘तुला तेव्हाच कळलं होतं,’ मी म्हणाले.

‘कळलं नव्हतं मॅडम. डाउट होता. तुम्ही नको म्हणालात ना.’

‘मग भांडायचं होतंस माझ्याशी.’

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर तो मला परवडला असता. ‘तुमच्याशी कसं भांडणार?’ ती म्हणाली. ‘तुम्ही सांगितलंत ते सगळं मी केलंय. आताही सांगा. सही करणार असाल तर मी देते सबमिट करून. नाही म्हणालात तर नाही.’

उत्तर माझ्या तोंडाशी तयार होतं, दोन्ही बाजूंचं. तिने तीन वर्षं माझं ऐकूनच ही वेळ आली होती.

‘मी सांगणार नाही,’ मी म्हणाले. ‘तू सांग. मालाडची जागा समोर आहे, हे धरून सांग.’

मांजरं पांगली. बोका शेवटचं डोकं घेऊन होडीखाली गेला. प्रणालीने वही मिटली, परत उघडली.

‘मला खाली बसायचंय,’ ती म्हणाली. ‘बायकांमध्ये. पहिल्यापासून.’ आणि मग रडली, अगदी साधी, शाळेतली पोर रडते तशी. ‘पण आईला तुम्ही सांगा. मला नाही जमणार यार, मॅडम.’

मला ‘यार’ म्हटल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातालाही माशांचा वास होता.

सुमनताई दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या, अंगावर अजून कामाची साडी होती. मी सगळं सांगितलं. ताडपत्री, पाणी, मेल, माझं उत्तर. त्या भाजी निवडत ऐकत होत्या.

‘अजून किती दिवस लागतील?’

‘वर्ष, दीड वर्ष. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे.’

‘म्हणजे मालाडचं गेलं.’

‘गेलं.’

त्यांनी मेथीची जुडी संपवली, देठं कागदात गुंडाळली. आवाज चढवला नाही, मला अहोजाहोच केलं. ‘मॅडम, तुम्ही आलात आणि एका दिवसात तुम्हाला समजलं,’ त्या म्हणाल्या. ‘मग तीन वर्षांपूर्वी का नाही आलात?’

गुडघे, परीक्षा, गाड्यांची गर्दी, कॉलेजची समिती, ही कारणं मी प्रणालीला तीन वर्षं देत आले होते. त्यांनी मला त्याही दिवशी जेवायला वाढलं. पलंगावर चादरही घातली.

कराड

परत येऊन आठ दिवस झाले. विद्यापीठाचा फॉर्म आणला, मार्गदर्शक बदलण्याचा आणि मुदतवाढीचा, दोन्ही एकाच कागदावर. पुण्यातल्या एक बाई प्रणालीला घ्यायला तयार झाल्या आहेत. तरुण आहेत. मी फोनवर त्यांना एवढंच म्हणाले की पहिल्या महिन्यात बाजारात जाऊन या. त्या म्हणाल्या, अर्थात. जणू काही ही सांगायची गोष्टच नव्हती.

प्रणालीचा काल फोन आला. हिरामावशीने तिला बसायला क्रेट दिला आहे आणि बोहनीआधी बोलायचं नाही एवढी अट घातली आहे. मालाडच्या जागेवर दुसरं कुणीतरी लागलं, हेही तिनेच सांगितलं. आईबद्दल मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

फॉर्मवर ‘विलंबाचे कारण’ म्हणून एक ओळ आहे. आमच्या कार्यालयातले कारकून मला वीस वर्षं ओळखतात. ते म्हणाले, ‘मॅडम, ‘वैयक्तिक’ लिहून टाका. सगळे तेच लिहितात. निवृत्तीच्या तोंडावर कशाला?’

मी त्यांच्याकडूनच पेन घेतलं आणि त्या ओळीत लिहिलं, ‘मार्गदर्शिका तीन वर्षांत एकदाही जागेवर गेल्या नाहीत.’ खाली सही केली. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.